दुर्बीणची डावी बाजू

माझ्या मेहुण्याला सगळे दुर्बीण म्हणायचे. हे नाव पर्यटकांनी ठेवलेलं नाही, आमच्या गँगने ठेवलं. तेव्हा तो टिपर चालवायचा आणि मी जंगलातले रस्ते करणाऱ्या गँगमध्ये मजूर होतो. मुरूम टाकायचा, पसरायचा, पाणी मारायचं, दाबायचा. दुपारी सावलीत बसलो की तो तळ्याच्या पलीकडच्या काठाकडे बोट करायचा आणि म्हणायचा, "ते बघा, सांबर. कान हलवतंय." आम्हाला तो काठसुद्धा नीट दिसायचा नाही. मुकादम म्हणाला, "याला डोळ्यांच्या जागी दुर्बीण लावून पाठवलंय." नाव चिकटलं. पुढे त्याच्या थोरल्या बहिणीशी माझं लग्न झालं, तो मला दाजी म्हणायला लागला, पण मी त्याला दुर्बीणच म्हणत राहिलो.

टिपर मागे घेताना मागे एक माणूस उभा लागतो. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून आमच्याकडे टिपरच्या फळ्यांवर हात मारायची पद्धत होती. उजव्या फळीवर थाप पडली की गाडीचा मागचा भाग उजवीकडे घ्यायचा, डाव्या फळीवर पडली की डावीकडे. मधल्या, मागच्या फळीवर एकेक थाप सावकाश पडत राहिली म्हणजे येऊ दे. लागोपाठ दोन पडल्या म्हणजे थांब. दोन थापांनंतर ड्रायव्हरने का म्हणून विचारायचं नाही, चाकामागे माणूस असू शकतो. दुर्बीणच्या टिपरमागे बहुतेक वेळा मीच असायचो. त्याने दोन थापांनंतर वीतभरसुद्धा गाडी कधी रेटली नाही. चांगला ड्रायव्हर मी यावरूनच ओळखतो, वेगावरून नाही.

मग जंगल पर्यटकांसाठी उघडलं. गेट आलं, परवाने आले, उघड्या जीप आल्या. दुर्बीणने टिपर सोडला आणि जीप घेतली. लोक कुठून कुठून वाघ बघायला येतात, पहाटे उठून कुडकुडत रांगेत उभे राहतात आणि गेटवर विचारतात, "दुर्बीण कोणत्या गाडीवर आहेत?" गवतात शेपटीचं टोक हललं तरी त्याला दिसायचं. वाघ दिसला नाही म्हणून त्याच्या गाडीतून कुणी तोंड पाडून उतरलेलं मला तरी आठवत नाही.

मी स्वतः वाघ बघितला नव्हता. नोकरीभर त्याच रस्त्यांवर राबलो, पण ठसेच बघितले. सकाळी ताज्या मुरमावर ठसे उमटलेले असायचे, आम्ही ते फावड्याने पुसायचो आणि कामाला लागायचो. टिकाव, घमेली आणि शिव्या यांच्या आवाजात कोणता वाघ थांबेल?

माझी एक सवय आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रस्ता वरून घट्ट दिसला म्हणून मी तो घट्ट मानत नाही. पहार ठोकून बघतो. खाली पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो. निवृत्त झालो, पहार परत केली, सवय राहिली. बायको म्हणते, "तुम्ही दुधाच्या पिशवीकडेसुद्धा चोर पकडल्यासारखे बघता." बघतो. दोनदा दूध नासकं निघालेलं आहे.

त्या वर्षी उन्हाळा सुरू होता होता आतल्या एका पाणवठ्याजवळ तारेचा फास सापडला. त्यात काही अडकलं नव्हतं, पण फास वाघाच्या मापाचा होता. वनखात्याचे लोक म्हणाले, हे रस्ते माहीत असलेल्या माणसाचं काम आहे. झालं. गेटवरचा प्रत्येक जण दुसऱ्याकडे तिरका बघायला लागला. ड्रायव्हर गाइडकडे, गाइड चहावाल्याकडे. फासाच्या प्रकरणात एखाद्याचं नाव नुसतं कुजबुजीत आलं तरी त्याचा गेटचा परवाना थांबवणार, असं वनखात्याच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं. परवाना थांबला की जीप दारात उभी, आणि ड्रायव्हर ओट्यावर.

मी गेटजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. गेटवरचा वनरक्षक येऊन बाजूला बसला.

"काका, तुमचे मेहुणे सुट्टीच्या दिवशी काय करतात हो?"

"झोपतात."

"झोपायला बसने शहरात जातात?"

मी चहा खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? दारात स्वतःची गाडी असताना माणूस बसच्या दांड्याला लटकून जातो. मला आपलं नवल वाटलं." तो उठला. "सहज विचारलं हां. मनात ठेवू नका."

सहज विचारलं म्हणणारा माणूस सहज विचारत नसतो. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"मलाही काहीतरी वाटतंयच," ती म्हणाली. "परवा आला होता. पाण्याचा पेला समोर ठेवला, तर कोपर लागून सांडला. इतका गडबडला की चप्पल न घालताच निघाला. मी काही विचारलं की भिंतीकडे बघून बोलतो."

"नजर चोरतो म्हण."

"म्हणा तुम्ही. माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच विचारतोय. शहरात कुणाकडे जातो?"

"मला नाही सांगत. पूर्वी दाढी करायला गेला तरी सांगून जायचा." तिने सुरी ठेवली. "अहो, त्याचं नाव त्या फासात येता कामा नये. आणि तो त्यात असेल तर..." तिने सुरी पुन्हा उचलली.

मी बघायला लागलो. मला बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतंच.

पहिली गोष्ट, बाटली. त्याच्या शर्टाच्या खिशात एक छोटी बाटली असायची. माझं लक्ष गेलं की तो खिशावर हात ठेवायचा. दारूची बाटली एवढी लहान नसते. औषधाची असेल तर लेबल छातीकडे वळवून ठेवायचं कारण काय? शिकारी पाणवठ्यात विष टाकतात हे मी ऐकून होतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट, चाकं. गावापासून गेटपर्यंतच्या रस्त्यावर कुणीही चालू शकतं. तो रस्ता आमच्या गँगचा. त्याच्या कडा आम्ही धुमसाने ठोकून बसवल्या होत्या, खांदे भरून यायचे. मी सकाळी फिरायला म्हणून गेलो आणि खाली मान घालून चाललो. त्याच्या जीपच्या मागच्या टायरचा एक कोपरा झिजलेला आहे, ठसा मला पाठ आहे. तीन-चार ठिकाणी त्याची डावी चाकं रस्ता सोडून खाली मातीत उतरली होती आणि पुन्हा वर आली होती. कड ढासळली होती. समोरून येणाऱ्या गाडीला जागा द्यावी असं ते वळण नाही, सावलीत थांबावं असं तिथे झाडही नाही. गाडी कडेला घेऊन तिथे कुणाला काय देत होता? बरं, द्यायचं तर दे, पण कड कशाला मोडायची?

तिसरी गोष्ट, ती बाई. गेटवर एक गाइड आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात. तिशी ओलांडलेली, दोन पोरींची आई. गेटातून आत शिरली की तोंड सुरू, बाहेर आली की बंद. दुर्बीण तिच्यावर फार चिडायचा. "वाघ काय, मुंगीसुद्धा पळेल हिच्या बडबडीने," असं म्हणून तो गाइड बदलून घ्यायचा. आणि आता काही महिने तो तिच्याशिवाय गाडीच काढत नव्हता. तिची पाळी नसली तर स्वतःची फेरी दुसऱ्याला देऊन टाकायचा. टपरीवर लोक त्यावर हसायचे. मला हसू येत नव्हतं. एकट्याने तारा लावता येत नाहीत. जोडीदार लागतो.

बायकोला हे सगळं सांगितलं. बाटली ऐकून ती गप्प झाली, चाकं ऐकून कंटाळली, रेडिओचं ऐकून मात्र उसळली. "तिच्या नवऱ्याला मी ओळखते. साधी बाई आहे. तुम्ही एक काम करा, त्याच्या गाडीत बसा. आत काय चालतं ते डोळ्यांनी बघा आणि मग बोला." तिने लगेच भावाला फोन लावला. "अरे, यांना एकदा वाघ दाखव. नोकरी सगळी तिथे गेली आणि बघितले काय, तर ठसे."

त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "दाजींना? आत्ता कशाला? ऊन किती आहे."

"ते उन्हातच म्हातारे झालेत. जागा आहे का सांग."

जागा होती. त्याला नाही म्हणता आलं नाही.

दुपारच्या फेरीला मी गेटवर पोचलो. दुर्बीण काचा पुसत होता. "या दाजी," तो म्हणाला, पण हात पुसतच राहिला. रेडिओने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो चोरटा निरोप मी टिपला. रेडिओ पुढे, त्याच्या डावीकडे बसली. मी ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा धरली. माझ्या शेजारी एक मावशी होती, गळ्यात दुर्बीण, खऱ्याखुऱ्या काचांची. मागच्या बाकावर तिचे मिस्टर आणि हाताएवढं लांब भिंग लावलेला कॅमेरेवाला.

"वाघ दिसेल ना नक्की?" मावशींनी विचारलं.

"मावशी, वाघ आपल्याला बघेलच," दुर्बीण म्हणाला. "आपल्याला तो दिसतो का, ते बघायचं." सगळे हसले. हे वाक्य तो बऱ्याच वर्षांपासून म्हणत होता, पण त्या दिवशी म्हणताना स्वतः हसला नाही.

गेट ओलांडलं आणि रेडिओ सुरू झाली.

"उजवीकडे वारूळ बघा. मोठं आहे, बघून घ्या. आता डावीकडे पांढरा दगड येईल. आलाच. बघा."

मावशींनी दगडाचा फोटो काढला. "काय आहे गं या दगडात?"

"काही नाही मावशी. जुना आहे."

"दगड जुनेच असतात," मिस्टर मागून म्हणाले.

"पुढे झुकलेलं झाड आहे, डावीकडून फांदी येते अंगावर, सांभाळा. त्याच्यानंतर लगेच तांबडी माती. उजवीकडे तांबडी माती बघा, साहेब."

"माती?" कॅमेरेवाल्याने भिंग खाली घेतलं. "ताई, मी मातीसाठी एवढ्या लांबून आलेलो नाही."

मी गप्प बसून मोजमाप घेत होतो. दगड, झाड, माती. पर्यटकाला बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मोर बाजूला नाचत असताना तिने त्याचं नावही घेतलं नाही आणि वाळक्या खुंटाकडे बोट केलं. मग या खुणा कुणासाठी? माझ्या मनाने सरळ उत्तर दिलं. दगडापाशी काहीतरी ठेवलेलं असणार. नाहीतर झाडीत कुणी बसलेलं असणार आणि ही त्याला सांगत असणार की आम्ही कुठवर आलो. मी प्रत्येक खूण डोक्यात बसवली. साहेबांसमोर सांगायची वेळ आली तर एकही चुकायला नको होती. मेहुण्याचा परवाना माझ्याच तोंडून जाणार, आणि घरी जाऊन मला त्याच्या बहिणीसमोर जेवायला बसायचं होतं.

तेवढ्यात त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. तो मान तिरकी करून बसला. मग दूर बांबूत वानर खाकरलं, वाघ दिसला की देतात तो इशारा. एकदा. परत एकदा.

"कॉल आहे," तो हळूच म्हणाला. "इकडेच येतंय. आता कुणी बोलायचं नाही. खोकलासुद्धा दाबा."

हा जंगलातला पक्का नियम. जनावर जवळ असलं की तोंड बंद, गाइडचंसुद्धा. रेडिओने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. गाडीत आम्ही सहा जण श्वास धरून बसलो. सांबर ओरडलं, अगदी जवळ. मग एकदम सगळं शांत.

वाघीण डावीकडून आली. बांबू बाजूला झाले आणि ती तिथे होती, रेडिओच्या बाजूला, इतकी जवळ की मला तिच्या मिशा वेगवेगळ्या दिसल्या. इतकी वर्षं मी जे ठसे पुसले ते असे पाय ठेवून उमटतात, हे मला तेव्हा दिसलं. पाऊल टाकताना ती घाई करत नाही. आधी टेकवते, मग भार देते. काम माहीत असलेल्या माणसासारखी.

मावशींनी माझा दंड घट्ट धरला होता. सगळ्यांच्या माना डावीकडे. फक्त एकाची नाही. दुर्बीण समोर रस्त्याकडे बघत होता. वाघीण त्याच्यापासून चार-पाच हातांवर, आणि तो सरळ समोर.

त्याला बघायची गरज नाही, मला वाटलं. ती येणार हे त्याला आधीच माहीत होतं. 

वाघीण रस्त्यावर आली, आमच्यासमोर वळली आणि आमच्याच दिशेने चालायला लागली. आता ती त्याला दिसली, कारण त्याचे खांदे ताठ झाले. वाघाला वाट द्यायची, हाही नियम. त्याने गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला आणि मागे घ्यायला लागला.

मी मागे बघितलं. मागे मोरी होती.

ती मोरी आमचीच. तिचे दगड मी रचलेत. रुंदी एका गाडीपुरती, कारण वरून तेवढीच मंजूर झाली होती. डावीकडचा कठडा ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेला होता आणि पुन्हा कुणी बांधला नव्हता. खाली माणसाच्या दुप्पट खोल ओढा, कोरडा, दगडांनी भरलेला. त्या मोरीवरून गाडी मागे घ्यायची तर ड्रायव्हर डाव्या आरशाला चिकटून राहतो. दुर्बीणने डाव्या आरशाकडे बघितलं नाही. मानसुद्धा वळवली नाही. डावं चाक कडेकडे सरकत होतं, जसं गावाकडच्या रस्त्यावर सरकलं होतं.

मी रेडिओकडे बघितलं. तिचे डोळे विस्फारले होते, ओठ हलत होते, पण वाघीण बॉनेटपाशी आली होती आणि आवाज काढायची सोय नव्हती. त्याच क्षणी मला पांढरा दगड कळला. त्या दगडापाशी रस्ता डावीकडे खचलेला आहे. वारुळापाशी पाण्याची चारी आहे. तांबडी माती म्हणजे वळण. मावशींना दगड दाखवलाच नव्हता. ती त्याला रस्ता सांगत होती. आता तिचं तोंड बंद होतं आणि गाडीला डावी बाजू उरली नव्हती.

मी पुढे वाकून त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि थाप दिली.

तो दचकला नाही. स्टीअरिंग फिरलं, मागचा भाग उजवीकडे आला. मी सावकाश थापा देत राहिलो, मधल्या जागी, येऊ दे, येऊ दे. डावं चाक कडेपासून टीचभर आत, मी रचलेल्या शेवटच्या दगडावरून गेलं. दगड हलला नाही. एक थाप डाव्या खांद्यावर, थोडं सरळ. मग मोरी संपली, मागचा रुंद रस्ता आला. मी लागोपाठ दोन दिल्या. गाडी जागच्या जागी थांबली.

वाघीण मोरीवर आली, थांबली, कठड्याच्या उरलेल्या दगडांवर शेपटी उचलून फवारा मारला आणि ओढ्यात उतरून गेली. माझ्या बांधकामावर तेवढी सही राहिली.

 मग कॅमेरेवाला मागून म्हणाला, "काय गाडी मागे घेतली तुम्ही! आरशात न बघता! मानलं!"

"सवय आहे, साहेब," दुर्बीण म्हणाला. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता.

परतताना रेडिओने पुन्हा दगड, झुडूप, माती सगळं दाखवलं. मिस्टर म्हणाले, "ताई, हे येताना झालं." ती म्हणाली, "जाताना वेगळं दिसतं, साहेब." 

फेरी संपली. मावशी मला म्हणाल्या, "तुमचा पायगुण बरं का." जीप त्याच्या घराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली. रेडिओ तिथपर्यंत आली होती, तिलाही माहीत होतं मी काय विचारणार ते.

"खिशातली बाटली काढ," मी म्हणालो.

त्याने काढली. डोळ्यांत घालायचे थेंब. "काचबिंदू," तो म्हणाला. "डावा गेला. उजव्यात नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोर लांबचं अजून स्वच्छ आहे, दाजी. शपथ. पण बाजूला सगळं बंद."

"शहरात?"

"डॉक्टर. तो म्हणतो गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं थेंबांनी टिकवायचं. गाडी चालवता का असं विचारलं. मी नाही म्हणालो."

"म्हणून बसने."

"म्हणून बसने. दवाखान्याच्या दारात जीप लावली असती तर त्याने काय विचारलं असतं?"

मी रेडिओकडे वळलो. "आणि तुला हे चालतं?"

"काका, मी त्यांना दहा वेळा म्हटलं सोडा," ती म्हणाली.  "दुर्बीणमामांनी मला कॉल ओळखायला शिकवलं. बाकीचे गाइड मला गाडीत बसवत नव्हते तेव्हा... बरं, मामापण बसवत नव्हते, पण शिकवलं तरी. मी नाही कसं म्हणू? आज मी तोंड उघडायला हवं होतं. वाघीण होती म्हणून... हात उचलायचंही सुचलं नाही."

"सीझन संपू दे, दाजी," दुर्बीण म्हणाला. "नंतर मी स्वतः सोडतो. आत्ता सोडलं तर लोक काय म्हणतील, फासात होता म्हणून पळाला. एक ओरखडा नाही आजवर गाडीला. कान शाबूत आहेत. ही आहे. आपण तिघंच आहोत माहीत असलेले."

त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं. त्यात अर्धं खरं होतं. फासाची कुजबुज चालू असताना गाडी सोडली तर लोक बोलणारच होते. पण मी रस्त्यावर काम केलेला माणूस आहे. ढासळलेली कड मी बघितली होती, आणि मावशींच्या बोटांचे वळ माझ्या दंडावर होते.

मी वाद घातला नाही. बॉनेटवर हात मारला. लागोपाठ दोन.

तो माझ्याकडे बघत राहिला. नळीतून का होईना, माझा हात त्याला दिसला असणार. दोन थापांनंतर विचारायचं नाही, हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं, टिपरने शिकवलं होतं. त्याने खिशातून किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली. मला दिली नाही, ठेवली. मग तो घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांच्या ऑफिसकडे निघाला. मी लांबून मागे मागे गेलो. किल्ली ठेवणारा माणूस रात्रीतून विचार बदलू शकतो, दुसरी किल्ली घरात असतेच. ऑफिसच्या वळणावर तो थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "दाजी, या की बरोबर. तुमची डावी चप्पल घासते, केव्हाची ऐकतोय."

साहेबांना त्याने स्वतःच सांगितलं, दवाखान्याचे कागद पुढे ठेवले. साहेब आधी ओरडले, भरपूर ओरडले, ते योग्यच होतं. रेडिओलाही काही दिवस घरी बसवलं. परवाना गेला, पण आजारामुळे गेला हे गेटवर सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. फास लावणारे पुढे जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला सापडले, त्यांचा आमच्या गावाशी काही संबंध नव्हता. ते कळलं तेव्हा वनरक्षक टपरीवर मला म्हणाला, "मी सहजच विचारलं होतं, काका." मी त्याच्या चहाचे पैसे दिले नाहीत.

बायकोने भावाला शिव्या दिल्या, मग रडली, मग मला म्हणाली, "बघा, चोर नव्हता." मी म्हणालो, "लपवत होता ना? पोकळ होतंच." ती त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुर्बीण पूर्ण सीझन बोलला नाही.

आता जीप रेडिओ चालवते. लायसन्स काढायला तिला दोनदा परीक्षा द्यावी लागली, पहिल्या वेळी बोलत राहिली म्हणून नापास झाली असं दुर्बीण सांगतो, ते खरं आहे का मला माहीत नाही. फेरीला जागा रिकामी असली की ती त्याला मागच्या बाकावर घेऊन जाते. तो डोळे मिटून बसतो आणि कुठे थांबायचं ते सांगतो. पर्यटक कुजबुजतात, हे आजोबा झोपलेत का?

मधेमधे तो आमच्याकडे जेवायला येतो. अंगणात यायला एक उंच पायरी आहे, मीच बांधलेली, तेव्हा उंची चुकली. हात धरलेला त्याला चालत नाही. मग मी दारात उभा राहून चौकटीवर थापा देतो. एकेक, येऊ दे. तो शिव्या घालतो. "मी काय टिपर आहे का, दाजी?"

खरं तर मला शंका आहे. पायरी समोर आहे, आणि समोरचं त्याला अजून दिसतं असं तो स्वतःच म्हणाला होता. तरी दर वेळी तो पायरीच्या अलीकडे पाय उचलून धरतो आणि कान देऊन उभा राहतो. मी बरीच पहार ठोकून बघितली, पण समोरचंही गेलं की माझ्या थापांसाठीच थांबतो, ते कळत नाही.

तो पायरी चढून आत आला की मी दोन थापा देतो. तो थांबतो.